दोन तोंडांचा वाटणारा बिनपायांचा सरडा: ॲम्फिस्बीना

तुमचा प्रश्न असा होता: ब्राझीलच्या जंगलात पालापाचोळा बाजूला सारताना काळ्या-पांढऱ्या चट्ट्यांचा, डोळे न दिसणारा, पुढूनमागून सारखाच वाटणारा प्राणी निघाल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला. तो साप की गांडूळ, चावला तर काय होतं, आणि आपल्याकडचं मांडूळ म्हणजे हाच का? वर्णनावरून तो ॲम्फिस्बीना फुलिजिनोसा आहे. इतके चट्टेपट्टे असलेला त्याच्या गटातला दुसरा प्राणी त्या जंगलात शोधून सापडणं कठीण. या गटाला जगभर वर्म लिझर्ड म्हणतात, मीही तेच नाव वापरतो.

आधी नेमकी उत्तरं देतो. हा साप नाही, गांडुळाशी त्याचा काही संबंध नाही, आणि मांडूळ तर तो मुळीच नाही. हा पाय गमावलेला सरडा आहे. त्याला विष नाही. भारतात या गटाची एकही जात नाही. जगात मात्र सुमारे २०० जाती आहेत, आणि त्यांच्याविषयी जेवढं वाचाल तेवढं कमीच वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाय नसले की आपण लगेच ‘साप’ म्हणतो. पण सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये पाय आखडणं किंवा पार नाहीसे होणं पंचवीसहून अधिक वेळा, वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडलं आहे. सापसुरळ्यांच्या एकाच कुळात ते पुन्हापुन्हा झालेलं दिसतं. त्यामुळे पाय नसण्यावरून नातं ठरत नाही. वर्म लिझर्डमध्ये तर याचा ढळढळीत पुरावाच आहे. मेक्सिकोत बायपीस नावाच्या तीन जाती आहेत. त्यांना मागचे पाय नाहीत, पण डोक्यामागे लगेच दोन आखूड, दणकट पुढचे पाय आहेत. बाहा कॅलिफोर्नियातल्या जातीच्या पायाला तर पाच बोटं आणि नखंही असतात. सापांचं नेमकं उलटं आहे. अजगर किंवा मांडूळ उलटं करून पाहिलं, तर अवस्कराच्या (विष्ठा बाहेर पडण्याच्या छिद्राच्या) दोन्ही बाजूंना बारीक नखासारखे उंचवटे दिसतात. ते मागच्या पायांचे अवशेष. पुढच्या पायांचा मागमूसही कुठल्या जिवंत सापात उरलेला नाही. दोन्ही गट बिनपायांचे झाले, पण वेगवेगळ्या वाटांनी.

डीएनए तपासल्यावर वर्म लिझर्डचे सगळ्यात जवळचे नातेवाईक लॅसर्टिड कुळातले सरडे निघाले, म्हणजे युरोपात भिंतींवर ऊन खात बसणारे चपळ सरडे. जर्मनीत मेसेलच्या खाणीतला सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा क्रिप्टोलॅसर्टा नावाचा जीवाश्म २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानेही याच नात्याला दुजोरा दिला. हे नातं आपल्यापासून फार लांब नाही. दख्खनच्या माळरानावर, खडकाळ गवतात सळसळत पळणारा बोटभर ओफिसॉप्स सरडा तुम्ही पाहिला असेल. पापण्या एकमेकींना जुळून पारदर्शक झालेल्या असल्यामुळे तो कधी डोळे मिचकावत नाही. तोही लॅसर्टिड कुळातलाच. ॲमेझॉनच्या जमिनीखालच्या या प्राण्याचा महाराष्ट्रातला सगळ्यात जवळचा नातेवाईक शोधायचा, तर तो उन्हातल्या माळावर सापडतो.

आता डोकं. वर्म लिझर्ड समजून घ्यायचा असेल तर मी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा त्याची कवटी दाखवतो. सापाच्या कवटीत हाडं सैल जोडलेली, जबडे ताणले जाणारे, कारण त्याला मोठं भक्ष्य अख्खं गिळायचं असतं. इथे सगळं घट्ट. हाडं एकमेकांत गुंतून पक्की झालेली, मेंदू चहूबाजूंनी हाडाच्या पेटीत बंद. हे डोकं म्हणजे खणण्याचं हत्यार आहे. माती ढकलताना बसणारा सगळा भार त्यालाच सोसावा लागतो. दात पाहिले तर वरच्या जबड्यात अगदी मध्यावर एक एकटा मोठा दात दिसतो. तोंड मिटलं की तो खालच्या दोन दातांच्या मधल्या खाचेत बसतो. या पकडीतून भक्ष्य निसटत नाही, आणि मोठ्या किड्याचा तुकडाही तोडता येतो. कवटी हातात आली आणि हा मधला दात दिसला की दुसऱ्या कुठल्या पुराव्याची गरज मला वाटत नाही.

डोळे आहेत, पण खवल्याखाली. काळसर ठिपक्यासारखे ते दिसतात, उजेड आणि अंधार यांतला फरक ओळखण्यापुरते. बाहेरून कानाचं भोकही नाही. पण हा प्राणी बहिरा नाही. कानातलं स्तंभिका नावाचं हाड चांगलं जाडजूड असतं. तिथून एक लांब कूर्चा पुढे निघते आणि खालच्या जबड्याच्या बाजूने जाऊन चेहऱ्याच्या कातडीला भिडते. बहुतेक सरडे डोक्याच्या बाजूने ऐकतात, हा तोंडाच्या कडेने ऐकतो. बिळात आवाज येणार तो पुढून किंवा मागून, बाजूला तर नुसती माती. पुढे किड्याची अळी कुरतडत असेल तर तिचा थरथराट थेट चेहऱ्यावर पोहोचतो. सरीसृपांच्या शरीरातल्या रचनांमध्ये मला सगळ्यात देखणी वाटते ती ही.

अंगावरच्या कड्यांमुळे हा गांडुळासारखा दिसतो. जवळून पाहिलं तर प्रत्येक कडं बारीक चौकोनी खवल्यांच्या एका रांगेचं असतं. पाठ आणि पोट दोन्हीकडे ते सारखंच दिसतं. सापाच्या पोटावर असतात तसे रुंद आडवे खवले इथे नसतात. कातडी आतल्या स्नायूंना सैलच जोडलेली असते. चालताना आधी कातडीची काही कडी पुढे सरकून बिळाच्या भिंतीला घट्ट धरतात, मग आतलं धड पुढे ओढलं जातं. सैल बाहीत हात सरकवावा तसं हे दिसतं. अशा चालीत अंग वळवावं लागत नाही, त्यामुळे अंगाएवढ्या रुंद बिळातही ते सरळ पुढे जातं आणि तितक्याच सहज मागे. सापाला मागे सरकणं जमत नाही म्हटलं तरी चालेल, याला ते रोजचंच आहे. अंग असं अरुंद झालं की आतल्या अवयवांनाही जागा कमी पडते. साप आणि बहुतेक बिनपायांच्या सरड्यांमध्ये डावं फुप्फुस आखडलेलं असतं. वर्म लिझर्डमध्ये उजवं आखडतं. अडचण एकच होती, पण दोन वंशांनी ती वेगवेगळ्या पद्धतीने सोडवली.

फुलिजिनोसाचं डोकं गोलसर असतं. तो सरळ मुसंडी मारतो, डोकं घुसवतो आणि माती बाजूला दाबतो. पर्जन्यवनाच्या वरच्या थरातल्या भुसभुशीत, पानं कुजलेल्या मातीला एवढं पुरतं. माती कडक असेल तिथल्या जातींची डोकी वेगळी. काहींचं डोकं रुंद आणि पुढे चपटं होत गेलेलं असतं. ते आधी खालून घुसतं, मग वर उचलून माती बिळाच्या छताला दाबून बसवतं. काहींच्या डोक्यावर उभी धार असते. ते आत शिरून डावीकडे-उजवीकडे हेलकावे देतात आणि दोन्ही भिंती घट्ट करतात. सोमालियाच्या बाजूच्या ॲगॅमोडॉन नावाच्या जाती डोकं आलटूनपालटून फिरवत भिंत तासत जातात. पूर्वी डोक्याच्या आकारावरूनच प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, वेगळ्या मानत असत. पण डीएनएच्या अभ्यासातून दिसलं, की दक्षिण अमेरिकेत उभ्या धारेची आणि चपटी डोकी एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडली आहेत. मग २००९ मध्ये तिथल्या बऱ्याच प्रजाती पुन्हा ॲम्फिस्बीनात विलीन झाल्या. मातीच्या प्रकाराने डोक्याला आकार दिला होता, आणि अभ्यासक त्यालाच नातं समजून बसले होते.

या सगळ्यांत मोठा, पांढरट-पिवळट रंगाचा ॲम्फिस्बीना आल्बा पाऊण मीटरपर्यंत वाढतो. फुलिजिनोसा त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोघांचंही वर्णन लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये केलं. दोघेही पनामापासून ॲमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत आणि त्रिनिदादमध्ये आढळतात. आल्बाची गोष्ट खास सांगायला हवी. ब्राझीलच्या खेड्यांत त्याला पानं कापणाऱ्या मुंग्यांची आई म्हणतात, कारण तो त्यांच्या वारुळात सापडतो. या मुंग्या झाडांची पानं कापून आत नेतात, त्यांच्यावर बुरशी वाढवतात आणि ती खातात. वापरून झालेला चोथा वारुळातल्या वेगळ्या कोठड्यांत टाकतात. त्रिनिदादमध्ये १९८०च्या दशकात झालेल्या अभ्यासात या कचऱ्याच्या कोठड्यांजवळ आल्बा आढळले. तो कचरा खाऊन भुंगेऱ्यांच्या गुबगुबीत अळ्या वाढतात, आणि आल्बा त्या अळ्या खातो. मुंग्यांच्या वाटेचा वास धरून तो तिथवर पोहोचतो. त्याच्या फुप्फुसात राहणारा एक परजीवीसुद्धा या अळ्यांमार्फतच त्याच्यात शिरतो. म्हणजे हा धागा पानापासून बुरशीपर्यंत, पुढे कचरा, अळी, सरडा आणि शेवटी त्या सरड्याच्या फुप्फुसापर्यंत जातो. हे सगळं जमिनीखाली, अंधारात चाललेलं असतं. जंगल म्हणजे फक्त झाडं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे उदाहरण नेहमी सांगतो.

एरवीचा आहार म्हणजे वाळवी, मुंग्या, भुंगेरे, अळ्या आणि मातीतले इतर किडे. बहुतेक जाती अंडी घालतात, थोड्या जातींची मादी थेट पिल्लांना जन्म देते. आल्बाच्या अवस्कराजवळ ग्रंथींच्या छिद्रांची एक ओळ असते. तिच्यातला घट्ट स्राव बिळात सरपटताना घासला जाऊन मातीवर राहतो. त्या वासाच्या रेषेवरून या जातीचे दुसरे प्राणी एकमेकांना शोधत असावेत असं अभ्यासकांचं मत आहे, आणि मलाही ते पटतं.

आता दोन तोंडांचा प्रश्न. शेपटी आखूड आणि बोथट असते. आल्बाला डिवचलं तर तो अंगाची कमान करतो आणि डोकं व शेपटी दोन्ही उचलून शेजारी शेजारी धरतो. शेपटीची कातडी फार जाड असते, हल्ला तिच्यावर झाला तर नुकसान कमी. तेवढ्यात तोंड उघडून तो चावायला तयार असतो. चावा जोरदार असतो, रक्त निघू शकतं, पण विष नाही. जखम साबणाने धुवावी, आणि मातीशी संबंध आलाच असल्यामुळे धनुर्वाताची लस घेतली आहे का ते पाहावं. अनेक जातींत शेपटी एका ठरावीक जागी तुटते, पण पालीसारखी पुन्हा वाढत नाही. दोन्ही टोकांना तोंड असलेल्या सापाची कथा प्लिनी या लेखकाने रोमन काळातच लिहून ठेवली होती. त्या सापाचं ‘ॲम्फिस्बीना’ हेच नाव लिनियसने या सरड्याला दिलं.

या प्राण्यांविषयीची आपली माहिती थोड्याच लोकांच्या चिकाटीतून आली आहे. ब्राझीलचे पाउलो वान्झोलिनी यांनी १९५१ मध्ये हार्वर्डमध्ये डॉक्टरेट केली ती याच गटावर. फुलिजिनोसाच्या प्रदेशानुसार बदलणाऱ्या रूपांचा अभ्यासही त्यांचाच. पुढे ते साओ पाउलो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचे संचालक झाले. सांबा संगीतकार म्हणूनही ब्राझीलमध्ये त्यांचं नाव घरोघरी माहीत आहे. दुसरे कार्ल गान्स. स्नायू, चाल, श्रवण, वर्गीकरण, या गटाचा असा एकही पैलू नाही की ज्यावर त्यांनी लिहिलं नाही. पण अभ्यासासाठी प्राणी मिळणं ही कायमची अडचण. ते दिसतात ते मुसळधार पावसानंतर बिळांत पाणी भरल्यावर, नांगरटीत किंवा बुलडोझरखाली. सगळ्यात जास्त संख्येने ते सापडले ते धरणांमुळे. ब्राझीलमध्ये जलविद्युत प्रकल्पाचा जलाशय भरू लागला की बुडत्या जमिनीतून जीव वाचवायला प्राणी वर येतात, आणि त्या वेळच्या बचावमोहिमांमध्ये कधीकधी विज्ञानाला नवीन असलेली जात सापडते. गोयास राज्यातल्या सेरा दा मेसा धरणाची आठवण ॲम्फिस्बीना मेन्सी या जातीच्या नावातच राहिली आहे. एखाद्या जातीची पहिली ओळख तिचं घर बुडताना व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं. कित्येक जातींची नोंद आजही धोक्याच्या यादीत ‘अपुरी माहिती’ या सदराखाली आहे.

आता ते भारतात का नाहीत याबद्दल. हा गट अमेरिका, कॅरिबियन बेटं, आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ आणि अरबस्तान इथे पसरलेला आहे. जमिनीखाली राहणारे प्राणी समुद्र ओलांडून कसे गेले? २०१५ मधल्या एका अभ्यासाने डीएनए आणि जीवाश्म एकत्र ठेवून दाखवलं, की हा प्रसार खंड वेगळे झाल्यानंतरचा आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर संपवणाऱ्या संकटातून हे प्राणी जमिनीखाली वाचले. नंतर रिकाम्या झालेल्या जगात ते पसरले, आणि पुराने वाहून नेलेल्या झाडांच्या बुंध्यांवरून व मातीच्या ढिगांवरून त्यांनी अटलांटिक ओलांडला. तेव्हाचा अटलांटिक आजच्यापेक्षा अरुंद होता. आफ्रिकेत तर ते फारच मोठे झाले. ट्युनिशियातल्या जीवाश्मांवरून २०२४ मध्ये वर्णन झालेल्या टेरास्टिओडोन्टोसॉरसची कवटी पाच सेंटिमीटरहून लांब होती आणि दात गोगलगायींचे शंख फोडण्याजोगे.

भारतात जमिनीखालची ही जागा इतरांनी घेतली आहे. सह्याद्रीत खापरखवल्या आहेत. हे खरे साप आहेत, डोकं टोकदार, शेपटी तिरपी कापल्यासारखी आणि खरखरीत. देवगांडूळ आहेत, ते उभयचर, म्हणजे बेडकांचे नातेवाईक. महाराष्ट्रात त्यांच्या ज्या जाती आहेत त्यांतल्या दोन या शतकात नोंदवल्या गेल्या: आंबोलीची गेगेनिओफिस डॅनियली २००३ मध्ये आणि कोयना परिसरातली इंडोटिफ्लस महाराष्ट्रेन्सिस २००४ मध्ये. कुंडीतल्या मातीत निघणारा वाळा हा साप तर सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय पिल्लं होतात, आणि कुंड्यांबरोबर तो जगभर पोहोचला आहे. दिसायला वर्म लिझर्डच्या सगळ्यात जवळ जाणारा भारतातला सरडा निकोबार बेटांवर आहे, डायबॅमस निकोबारिकस. नराला मागच्या पायांच्या जागी दोन चपट्या पाकळ्या असतात, मादीला त्याही नाहीत. एके काळी त्याला वर्म लिझर्डचा नातलग मानत असत. आता डीएनएवरून तो सरडे-सापांच्या वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याशी बसतो.

मांडूळ वेगळंच. तो अजगराच्या नात्यातला बोआ साप आहे. डोळे उघडे, उभ्या बाहुलीचे. शेपटी बोथट, म्हणून त्यालाही दुतोंड्या म्हणतात. गुप्तधन शोधून देतो, वजनाप्रमाणे लाखो-कोटींना विकला जातो, अशा अफवांपायी महाराष्ट्रात या निरुपद्रवी सापाची सर्रास तस्करी होते. दुसरं तोंड दिसावं म्हणून गारुडी त्याच्या शेपटीवर डाग देऊन जखमा करतात. मांडूळ पकडणं, बाळगणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शेतातले उंदीर खाऊन तो शेतकऱ्याचं काम करत असतो. तुमच्या गावात कोणी अशी ‘डील’ सांगत असेल तर वनविभागाला कळवा. तुमच्या प्रश्नात मांडुळाचं नाव आलं म्हणून हे स्पष्ट लिहितो आहे.

खरा वर्म लिझर्ड पाहायचा असेल तर मराठी माणसाला ब्राझीलपर्यंत जायची गरज नाही. कुवेत, सौदी, अमिराती, ओमान इथे नोकरीला असलेल्यांना तो वाळूत भेटू शकतो. तिथे डिप्लोमेटोपॉन झारुडनी ही जात आहे, गुलाबीसर अंगावर गडद ठिपके. रात्री वाळूवर आला की मागे एक वळणदार रेघ ठेवून जातो.

कुठेही असा प्राणी दिसला तर मारू नका, मीठ टाकू नका, काठीने उलटापालटा करू नका. फोटो काढताना मात्र अख्ख्या अंगाच्या एका फोटोवर थांबू नका, त्यावरून ओळख बऱ्याचदा पक्की होत नाही. डोकं बाजूने आणि वरून घ्या, शेपटीचं टोक घ्या, आणि शक्य असेल तर काचेवर ठेवून खालून पोट व अवस्कराचा भाग घ्या. अंग कोरडं आणि चौकोनी खवल्यांच्या कड्यांचं असेल तर वर्म लिझर्ड. ओलसर, गुळगुळीत आणि डोळ्या-नाकपुडीच्या मधे बारीक मिशीसारखा अवयव असेल तर देवगांडूळ. चकचकीत, एकावर एक चढलेले गोल खवले आणि सतत बाहेर येणारी दुभंगलेली जीभ असेल तर वाळा. सोबत जागा, तारीख, पाऊस झाला होता का आणि माती कशी होती, हे लिहून ठेवा. नंतर ज्या मातीतून तो निघाला तिथेच, सावलीत, ओल्या पाचोळ्याखाली सोडा. उन्हात तापलेल्या जमिनीवर असा प्राणी फार वेळ तग धरत नाही.